दांडीवरचा उंदीर आणि आमचा दिगू

माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मुलाकडच्या एका मावशींनी विचारलं, "मुलगी नोकरीत नक्की काय करते?" माझ्या वडिलांना सारवासारव कधी जमली नाही. ते म्हणाले, "वेडावरची औषधं असतात ना, ती उंदरांना टोचते आणि मग ते काय करतात ते बघत बसते." बैठकीतले सगळे आपापल्या पोह्यांच्या बशीकडे बघायला लागले. इतका वेळ पुस्तकी मराठी बोलणाऱ्या मावशी एकदम मालवणीवर आल्या, "आणि घराक इल्यार हात धुता मा?" वडील म्हणाले, "धुता." लग्न ठरलं.

पुढे आमच्या पंचक्रोशीत मला माझ्या नावाने फारसं कुणी ओळखलं नाही. मी 'उंदरांची बाई'. फोंडाघाटाच्या बाजूला एका फार्मसी कॉलेजात मी औषधशास्त्र शिकवत होते आणि तिथलं प्राणीगृह माझ्या ताब्यात होतं. प्राणीगृह म्हणजे एक लांबट खोली, ओळीने पिंजरे, आणि त्यांत पांढरे उंदीर, थोरल्या जातीचे आणि धाकट्या जातीचे. इंग्रजीत दोघांना वेगळी नावं आहेत, आपण मराठीत दोघांनाही एकाच नावाने हाक मारतो. पिंजऱ्यांची देखभाल बाबल नावाचे आमचे मदतनीस करायचे. ते उंदरांशी मालवणीत बोलत आणि चतुर्थीला गणपतीच्या वाहनाला म्हणून मोदक आणत. प्रयोगातल्या उंदरांना गोड चालत नाही, हे सांगून मी दमले. शेवटी आमची तडजोड झाली. मोदक फक्त पिल्लावळ वाढवायला ठेवलेल्या जोड्यांना, आणि उरलेले मला.

लोकांना वाटायचं की आम्ही उंदरांना वेड लावतो. तसं काही नसतं. उंदराला कानात आवाज येतात का, शेजारी आपल्यावर टपलेत असं वाटतं का, हे त्याला विचारता येत नाही. पण मेंदूच्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप धाडतात, आणि त्यांतल्या डोपामिन नावाच्या निरोप्याचं माणसात आणि उंदरात बरंचसं सारखं चालतं. हा निरोप्या हालचाल सुरू करून देतो, 'हे महत्त्वाचं आहे, इकडे बघ' असं सांगतो. उंदराला डोपामिनची नक्कल करणारं औषध टोचलं की तो एकच एक गोष्ट करत सुटतो. हुंगतो, पिंजऱ्याची तार चावतो, परत हुंगतो, परत चावतो. धाकट्या जातीचे उंदीर तर पिंजऱ्याच्या भिंतीवर चढून चारही पायांनी लटकून राहतात, खाली यायचं नावच घेत नाहीत. आधी हॅलोपेरिडॉलसारखं मानसिक आजारावरचं औषध दिलेलं असेल, तर तेच उंदीर शहाण्यासारखे खाली बसून राहतात. औषध त्या निरोप्याला दारातच अडवतं, म्हणून. नवीन औषध आलं की ते असं अडवतं का, हे आधी उंदरात बघायचं, अशी ही विद्या.

आता खरी गोम पुढे आहे. निरोप्याला फार अडवलं तर हालचालच अडते. ते मोजायला आमच्याकडे एक दांडी होती, जमिनीपासून जराशी उंच, आडवी. उंदराचे पुढचे दोन पाय उचलून त्या दांडीवर ठेवायचे आणि घड्याळ लावायचं. साधा उंदीर 'काय चेष्टा आहे' अशा नजरेने बघतो आणि लगेच पाय खाली घेतो. औषध जास्त झालेला उंदीर मात्र पाय दांडीवर ठेवून तसाच उभा राहतो. तो झोपलेला नसतो, बेशुद्ध नसतो, डोळे उघडे असतात. फक्त उतरत नाही. मग थरथर आणि ताठरपणा कमी करणाऱ्या औषधाची दुसरी सुई दिली की थोड्या वेळाने त्याचे पाय हळूच खाली येतात. शेकडो वेळा पाहूनही मला दर वेळी त्या क्षणी हायसं वाटायचं. जणू कुणाच्या तरी पायातली बेडी मीच काढली, असं. ती घातलीही मीच होती, हे सोयीस्कर विसरून.

एकदा कट्टा गावाहून एक गृहस्थ खास मला भेटायला आले. इस्त्रीचा शर्ट, हातात आंब्यांची पेटी. बराच वेळ पावसापाण्यावर बोलून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. "बाईनू, तुम्ही उंदरांक थंड करूचा औषद देतास असा ऐकलंय. तातला वायच गावात काय?" त्यांना थोडं औषध हवं होतं. मी विचारलं, कुणासाठी. तर चुलतभावासाठी. दोघांचा कुंपणावरून पिढीजात दावा चालू होता आणि पुढच्या तारखेला चुलतभावाने कोर्टात गप्प उभं राहावं, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती. चहातून द्यायची त्यांनी सोयही करून ठेवली होती. मी त्यांना म्हटलं, "आणि चुलतभाव माझ्याकडे तुमच्यासाठी आला तर?" ते विचारात पडले आणि आंब्यांची पेटी परत घेऊन गेले. त्या वर्षीचे आंबे चांगले होते असं नंतर कळलं.

दुसरी गोष्ट शिमग्याची. आमचे उंदीर दांडीवर ताठ उभे होते, मी आणि विद्यार्थी घड्याळ लावून बसलो होतो, आणि नेमकी त्याच वेळी खालच्या वाडीतली मंडळी ढोल बडवत, बोंबा मारत कॉलेजच्या कुंपणाला लागून आली. मला वाटलं, या उंदरांना काय फरक पडणार. पण ढोल कडाडला तसे दोन-तीन उंदीर दांडीवरून उडी मारून थेट कोपऱ्यात धावले, अगदी धडधाकट उंदरासारखे. विद्यार्थी म्हणाले, मॅडम, औषध उतरलं. ढोल पुढे गेले. आम्ही त्याच उंदरांचे पाय परत दांडीवर ठेवले, तर ते परत पुतळे. औषध कुठेही उतरलं नव्हतं. आपणहून हालचाल सुरू करण्याची वाट बंद होती, पण बाहेरून मोठा धक्का आला की शरीर दुसऱ्या वाटेने धावतं. पाण्यात सोडलं तरी असे उंदीर पोहतात. त्या दिवसाचा प्रयोग बाद झाला आणि मी शिमगेकऱ्यांच्या नावाने खडे फोडले, पण ती गोष्ट डोक्यात बसून राहिली.

प्राणीगृहाचा एक नियम मात्र मी डोळ्यांत तेल घालून पाळला आणि पाळायला लावला. ज्याने सुई दिली त्याने लगेच उंदराच्या शेपटीवर रंगाचा पट्टा ओढायचा. नाहीतर एक विद्यार्थी औषध देऊन हात धुवायला जातो, दुसऱ्याला वाटतं हा राहिलाच, आणि तो परत टोचतो. सगळे पांढरे, सगळे सारखे, आणि उंदीर काही सांगत नाही की मला मिळालं.

या कामाची खंत नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. प्रयोग संपला की बहुतेक वेळा उंदीरही संपतो. नियम पाळून, त्रास न होऊ देता, पण संपतो. त्या दिवशी बाबल माझ्याशी बोलत नसत आणि मलाही त्यांच्याशी बोलवत नसे. पुढे विद्यार्थ्यांसाठी संगणकावरचा उंदीर आला. तो कधी चावत नाही आणि मरतही नाही. मी सुटकेचा निःश्वास सोडला आणि थोडी हिरमुसलेही, दोन्ही एकदमच. ज्याच्या जिवावर अख्खं आयुष्य शिकवलं, त्याच्या आत नेमकं काय होतं हे कधी कळलं नाही, ही हुरहुर घेऊन मी निवृत्त झाले आणि मालवणजवळच्या नवऱ्याच्या गावी, किनाऱ्यावर राहायला आले. ते कळायचं राहिलं होतं म्हणून की काय, शेजारच्या घरात दिगू होता.

दिगू म्हणजे जयवंतीकाकींचा धाकटा झील, म्हणजे मुलगा. तिशी ओलांडलेला, अबोल, रापणीवरचा भरवशाचा गडी. रापण म्हणजे होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं आणि मग सगळ्या घरांच्या माणसांनी किनाऱ्यावर उभं राहून दोन्हीकडून दोर ओढत ते बाहेर काढायचं. मागे कधीतरी दिगूची झोप उडाली. समुद्रातून कुणीतरी आपल्याला नावाने हाका मारतं, असं तो सांगायला लागला. मग म्हणायला लागला, "माझ्या जेवणात कायतरी घालतत." एके सकाळी तो त्या हाकेला ओ द्यायला अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात चालत गेला. रापणीच्या लोकांनी त्याला गळाभर पाण्यातून ओढून आणलं. डॉक्टर झाले, औषध झालं आणि तो बरा झाला, एवढंच मला ठाऊक होतं. त्या घरात आजाराचा विषय कुणी काढत नसे, आणि शेजाऱ्यांनीही काढायचा नाही हे मी समजून होते.

दसऱ्याच्या सुमारास एकदा काकींकडे गेले तर दिगू खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बाकावर बसला होता. वैशालीने, त्याच्या वहिनीने, सगळ्यांना चहा दिला. माझा चहा संपला, गप्पा झाल्या, मी निघाले, तरी दिगूच्या हातात भरलेला ग्लास तसाच, छातीपाशी धरलेला. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली होती आणि ती त्याने पुसली नव्हती. चेहऱ्यावर रागही नाही, आळसही नाही, काहीच नाही. मी जवळ जाऊन ग्लास काढून घेतला. हात तिथेच राहिला. मी तो धरून हळूच सरळ करायला गेले तर कोपर अडखळत, थांबत थांबत सरकलं. ही दांडी मी ओळखत होते.

पण मी माणसांची डॉक्टर नव्हे. उंदरांच्या जोरावर शेजाऱ्याच्या घरात निदान करत फिरणं शोभत नाही, असं मी स्वतःला बजावलं. मग दिगूलाच विचारलं, "कसा वाटता रे?"

तो इतका वेळ काही बोलला नाही की मला वाटलं ऐकलंच नाही. मग सावकाश, एका सुरात म्हणाला, "आतसून दोरयेन बांधल्यासारख्या. मी हाताक सांगतंय, हात आयकणा नाय." आणि थोड्या वेळाने, "मी झोपलंय असा लोकांका वाटता. मी जागो आसय."

मला तिथेच रडू आलं. आयुष्यभर घड्याळ लावून ज्यांचे पाय मी मोजले, त्यांच्यापैकी कुणीतरी पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं असं वाटलं. दिगू उंदीर नव्हे, हे मला कळतं. पण जे वाटलं ते वाटलं.

दुसऱ्या दिवशी दिगूला वाडीतला एकजण किनाऱ्यावर घेऊन गेला होता, तेव्हा मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. काकी, त्यांचा थोरला मुलगा सदा आणि वैशाली तिघंही घरी होती, आणि वाद ऐन रंगात होता. काकींचं म्हणणं, कुणीतरी पोरावर काहीतरी केलंय, आंबोलीकडे एक बुवा आहे, त्याच्याकडे न्यायचं. सदाचं म्हणणं वेगळंच होतं.

"बाईनू, ह्याचा सगळा सोंग आसा," तो मला म्हणाला. "दिसभर खांबो होवन बसता. आणि परवा जाळा जड लागला, लोकांनी बोंब मारली, तसो धावत इलो आणि दोराक लागलो. आमच्या बरोबरीन ओढल्यान. ओढून झाला, परत खांबो. आजारी माणूस असा करता? रापणीतले लोक माका इचारतत. ह्या वर्सा तेका रापणीतसून काढूचो लागात."

शिमग्याचे ढोल माझ्या कानात वाजले. मी म्हटलं, "सदा, सोंग नाय ता. औषध अंगावर चढलेलो असाच करता. मी माझ्या डोळ्यांनी बघलंय." आणि मग मी विचारू नये ते विचारलं, "तेका औषध चालू आसा काय?"

वैशाली पदराचं टोक पिळायला लागली. काकींनी दाराकडे बघून घेतलं, दिगू येत तर नाही ना म्हणून. मला जुनी सवय. प्राणीगृहात काही बिघडलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, तोच तोंडातून गेला. "औषध कोणाच्या हातान जाता?"

"माझ्या," काकी म्हणाल्या.

"माझ्या," वैशाली म्हणाली.

दोघी एकदमच बोलल्या, आणि मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

उलगडा असा झाला. आजाराच्या सुरुवातीला दिगू गोळी हातातही घेत नव्हता, तेव्हा डॉक्टरांनी सुरुवातीपुरते थेंब लिहून दिले होते, आणि तो जरा सावरला की परत घेऊन या म्हणून बजावलं होतं. थेंबांना रंग नाही, चव नाही. काकींनी ते सकाळच्या पेजेत घालायला सुरुवात केली. पोरगा बरा झाला. आता बऱ्या माणसाला डॉक्टरकडे का चल म्हणून सांगायचं? म्हणून नेलंच नाही, थेंब मात्र चालू ठेवले. पुढे घरात चुली वेगळ्या झाल्या. दिगू पेज आईच्या चुलीवरची खायचा आणि रात्रीचं जेवण भावाकडे. आई म्हातारी, ती विसरत असणार, असं सदाच्या मनाने घेतलं. "आयेचा काय खरा नाय. म्हणान मीच जुनो कागद दाखवन दुसरी बाटली हाडलंय," तो मान खाली घालून म्हणाला. वैशाली ते रात्रीच्या कालवणात घालत होती. आणि दिगूच्या कानावर जाऊ नये म्हणून औषधाचं नाव घरात काढायचं नाही, हा नियम सगळ्यांनी इतका कडक पाळला की एका चुलीने दुसऱ्या चुलीलाही सांगितलं नाही.

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथे दोन घरचा पाहुणा दुप्पट जेवला होता. हसावं की आरडाओरडा करावा, मला कळेना. कॉलेजात असते तर नक्की ओरडले असते. पण या दोघी काही बेफिकीर नव्हत्या. दोघींनी एकही दिवस न चुकवता, जिवापाड, लपूनछपून, त्या माणसाला जपलं होतं. माणसाला शेपूट नसते आणि तिच्यावर पट्टा ओढता येत नाही, एवढाच काय तो त्यांचा दोष.

काकी ताडकन उठल्या आणि दोन्ही बाटल्या गटारात ओतायला निघाल्या. मी त्यांचा हात धरला. "ओतू नका काकी. एकदम बंद केलं तर त्या हाका परत येतील, आणि समुद्र इथे दारात आहे." त्या मटकन खाली बसल्या. बाटल्या पिशवीत घातल्या आणि दुसऱ्या दिवशी सगळी वरात जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात निघाली. दिगूला मी एवढंच सांगितलं की हात ऐकत नाही त्यावर इलाज आहे. तो लगेच तयार झाला. बांधलेल्या माणसाला दोर सुटणार म्हटल्यावर आणखी काय सांगायला लागतं.

डॉक्टर तरुण होते. आम्ही दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या तेव्हाच त्यांना सगळं कळलं. तरी मी आपलं दांडी, ढोल, पोहणारे उंदीर असं व्याख्यान सुरू केलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, उंदरांचं अगदी बरोबर आहे. आता माझ्या पेशंटला जरा बोलू द्या." मी गप्प बसले. एवढी गप्प मी आयुष्यात क्वचितच बसले असेन.

त्यांनी औषध कमी करून दिलं, ताठरपणावर वेगळी गोळी दिली, आणि दिगू बाहेर गेल्यावर घरच्यांना म्हणाले, "हा काही कायमचा अधू झालेला नाही. सुटेल. पण जेवणातून औषध देणं आता बंद. थोडा मोकळा झाला की त्याला सगळं सांगा."

काकींचा चेहरा उतरला. कारण मला उशिरा कळलं. 'माझ्या जेवणात कायतरी घालतत' हाच तर दिगूचा आजार होता. त्यातून बरं करायला घरच्यांनी खरोखरच त्याच्या जेवणात काहीतरी घातलं होतं. आता त्याला सांगायचं म्हणजे, तू बरोबर होतास, असं सांगायचं. तो घरचं अन्न टाकेल, औषध टाकेल, आणि परत पाण्याकडे चालायला लागेल, या भीतीने त्या माउलीला घेरलं. मलाही भीती वाटत होती. उंदराला कधी कुणी सांगत नाही की तुला मी काय दिलं, त्यामुळे याबाबतीत माझं अनुभवाचं गाठोडं रिकामं होतं.

काही दिवसांत दिगू सैल व्हायला लागला. आधी पापण्या लवायला लागल्या, मग चालताना हात हलायला लागले. एका संध्याकाळी खळ्यात बसल्या बसल्या त्याने स्वतःच्या दंडावर फटकन डास मारला. एखाद्या डासाच्या मरणाचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. सदाने तर "मारलंस मेल्या" म्हणून त्याच्या पाठीवर थाप दिली आणि मग तोंड फिरवून डोळे पुसले. सोंग म्हटलं होतं ना त्याने, ते त्याला आतून कुरतडत होतं.

आणि मग ती दुपार आली. काकींनी मला बोलावून घेतलं, नुसती बसायला. सांगितलं त्यांनीच.

"रे दिगू, तू म्हणत होतंस, जेवणात कायतरी घालतत म्हणान. मी घालत होतंय. औषद होता ता. तू घेयनास, म्हणान पेजेत घालत होतंय."

दिगूने आईकडे पाहिलं. मग वैशालीकडे. "वैनी, तू पण?"

"मी पण," वैशाली म्हणाली.

तो उठला आणि किनाऱ्याकडे चालायला लागला. सदा मागोमाग निघाला, पण काकींनी "रव" म्हणून त्याला थांबवलं. आम्ही सगळे खळ्याच्या कडेला उभे राहून बघत होतो. तो ओल्या वाळूपर्यंत गेला, थांबला. मग तो वळला आणि वर ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत बसला. बसूनच राहिला. काकी तोंडाने देवाचं नाव घेत होत्या.

परत आला तेव्हा त्याचा चेहरा रागाचा होता. रागाचा का होईना, चेहरा होता. म्हणाला, "मगे मी बोलत होतंय ता खरा हुता."

"तेवढा खरा हुता रे," सदा म्हणाला.

"आणि समुद्रातसून हाको येयत ते?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "ते खरे नाय, दिगू. ते औषधान गेले."

त्याने विचार केला. "एक खरा, एक खोटा," तो म्हणाला. "म्हंजे मी निम्मोच पिसो." आणि स्वतःच्या निम्म्या वेडावर हसला. त्याच्या पाठोपाठ सदा हसला, मग वैशाली, आणि मग सगळेच इतके हसलो की पलीकडच्या घरातून कुणीतरी डोकावून गेलं. हसणं थांबल्यावर मात्र त्याने सरळ सांगितलं, "गोळी माझ्या हातात देवा. मी घेतंय. जेवणात कायएक घालूचा नाय."

गोळी तो तेव्हापासून स्वतः घेतो. डॉक्टरांकडे एकटा जाऊन येतो आणि आल्यावर मला तिथल्या गमती सांगतो. पण जेवणाचं सोपं नव्हतं. ताट पुढे आलं की तो हात मांडीवर ठेवून बसून राही. पहिला घास काकी त्याच्या ताटातून खात, आणि मगच तो जेवे. कुणी तसं ठरवलं नव्हतं, कुणी बोललंही नाही. काकींना त्याचं किती लागत असेल, ते त्यांच्या घास गिळण्यावरून दिसायचं. पण त्यांनी ते रोज केलं, तक्रार न करता.

परवा रापणीला बांगडा चांगला लागला, म्हणून त्यांनी मला जेवायला बोलावलं. दिगू दोर ओढून आला होता, केसांत वाळू, हातपाय नुसते धुतलेले. वैशालीने ताट ठेवलं. काकी सवयीने पुढे वाकल्या आणि भाताला हात लावणार, एवढ्यात त्याने ताट आपल्याकडे ओढलं. "तुझा ताट घे गो आये," तो म्हणाला. "माका भूक लागली हा." आणि खाली मान घालून जेवायला लागला.

काकी उठून आत गेल्या. बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज आला नाही, म्हणून वैशाली बघायला गेली. काकी चुलीपुढे बसून रडत होत्या, आणि बाहेर दिगू दुसऱ्यांदा भात मागत होता.